हवी असलेली चूक

ओनोदेरा सर बाकांमधून फिरत होते आणि त्यांना घाम फुटला होता. पाचवीची पोरं आज नेमकी सगळी बरोबर उत्तरं लिहीत होती.

गणित साधंच. अर्धा लिटर दूध, त्यात एक तृतीयांश लिटर ओतलं, तर किती? सरांनी आखलं होतं ते असं: कुणीतरी वरचे आकडे वर आणि खालचे खाली मिळवून दोन छेद पाच लिहायचं, सर ते फळ्यावर आणायचे आणि विचारायचे, दूध ओतल्यावर अर्ध्याहून कमी कसं झालं? सगळा तास त्या चुकीवर उभा होता. मागे भिंतीला टेकून नागानोहून आलेले शिक्षक तास बघत होते. त्यांच्या हातातल्या, तासाच्या आखणीच्या टिपणात ती चूक आधीच छापलेली होती.

खिडकीजवळ चिझुरूच्या वहीत सरांना ती दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. वर्षभर फळ्यावर चुका यायच्या त्या हिच्याच.

सर वळून फळ्याकडे निघाले. तेवढ्यात चिझुरूने वहीत दुधाच्या पेल्यांचं चित्र काढून पाहिलं, भुवया आकसल्या आणि घाईघाईने खोडरबर घासला. सरांना पत्ताच नाही.

"चिझुरू, ये. तुझं उत्तर लिही."

तिने लिहिलं, पाच छेद सहा. फळ्यावरचं तिचं हे पहिलं बरोबर उत्तर. तिला इतका आनंद झाला की खडू खाली ठेवायचंही सुचेना.

मागे कागद सळसळले. सर वाकून हळूच म्हणाले, "मघाशी काय लिहिलं होतंस?"

"ते चुकलं होतं, सर. मग मी चित्र काढलं. आता येतंय मला."

"हो, छान. पण मघाचं लिही."

"चुकीचं?"

"त्यातून सगळे शिकतील ना." सरांनी डस्टर पुढे केलं.

ती सरांकडे बघत राहिली. सर घड्याळाकडे बघत होते. शेवटी तिने पुसलं आणि दोन छेद पाच लिहिलं.

"हिचं नेहमीचंच," पहिल्या बाकावरचा शुंगो म्हणाला. दोघंतिघं फिदीफिदी हसली. मागे एका पाहुण्यांनी समाधानाने टिपणावर खूण केली.

सरांचा चेहरा खुलला. ते वर्गाकडे वळले. "इथे काय चुकलंय? कोण सांगेल?"

भराभर हात वर झाले. सरांच्या पाठीमागे, फळ्याला लागून, चिझुरूनेही हात वर केला होता.

"हं, शुंगो," सर म्हणाले. "तू सांग."