पाच तासांची नात

मालिकेतल्या नातीला उराशी कवटाळून मंदाकिनीबाई तिसऱ्यांदा संवाद विसरल्या. चाळीस वर्षांच्या अभिनयात असे कधी घडले नव्हते.

"बाई, दहाच मिनिटं उरलीत!" दिग्दर्शक कळवळला. "पोरीला दिवसाला पाच तासांचीच परवानगी आहे. आज राहिलं, तर परीक्षा संपेपर्यंत पोरगी यायची नाही."

कूस कधीच न उजवलेल्या बाईंनी मान डोलावली. परंतु ते इवले हात गळ्यात पडताच त्या पुन्हा संवाद चुकल्या.

मुलगी त्यांच्या कानाशी कुजबुजली, "आजी, तुम्ही मुद्दाम चुकताय ना?"

बाई ओशाळल्या. "रागावलीस, बाळ?"

"नाही. पण माझी आई दाराशी केव्हाची उभी आहे."

बाईंनी तिकडे पाहिले. मग एकही शब्द न चुकता त्यांनी संवाद पूर्ण केला आणि आपल्याच हातांनी ती मिठी सोडवली.