उपवासाची शेगडी

मोहनरावांच्या डोळ्यांदेखत पंचशीलाने खोक्याची चिकटपट्टी कापली. आतून झाकणाची लोखंडी शेगडी निघाली, कोळशावर चालणारी, पुण्याहून मागवलेली. "कोरी हाय, काका. हिच्यावर अजून काहीच भाजलेलं न्हाई," ती म्हणाली आणि बिलही स्टुलावर ठेवलं. मोहनरावांनी चष्मा लावून ते वाचलं, तारीख पाहिली आणि घडी घालून परत ठेवलं. पाहुणे आल्याआल्या तिच्या नवऱ्याने, विलासने, शेजारी पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र ठेवलं होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

मोहनराव शिरूर कासारचे निवृत्त मुख्याध्यापक, राहायला शेजारीच. समतेवर त्यांच्याइतकं गोड बोलणारा माणूस तालुक्यात सापडला नसता. दर चौदा एप्रिलला ते पंचशीला शिकवायची त्या शाळेत तासभर बोलत, हार घेत, टाळ्या घेत, आणि पंगत बसायच्या वेळी त्यांना नेमका उपवास आठवे. विलास आणि पंचशीलाने नऊ वर्षांपूर्वी इथे घर बांधलं. घरभरणीच्या जेवणाला मोहनरावांची चतुर्थी निघाली. जयंतीच्या पुरणपोळीला शनिवार निघाला. विलासला बढती मिळाली तेव्हा जिलेबीला गुरुवार आडवा आला. घर बौद्धांचं होतं एवढंच कारण. ते मात्र कधी कुणी तोंडावर बोललं नाही. "मला काय हो, मी मानतच न्हाई," मोहनराव हळूच सांगत, "पण आमच्या हिचं देवाधर्माचं लई कडक हाय." बाजूला जानकीबाई मान खाली घालून उभ्या असत. पंचशीलाला मोहनरावांपेक्षा त्यांचाच राग जास्त यायचा.

विलासने नाद कधीच सोडला होता. "तू अमृत जरी वाढलं, तरी त्या दिवशी अमृताचा उपास निघंल बघ," तो म्हणायचा. पंचशीलाला मात्र ते सलत होतं. भिंतीला भिंत लागलेली. बारशापासून मयतीपर्यंत एकमेकांच्या दारात उभं राहायचं, आणि नऊ वर्षांत एक घास नाही. एकदा, फक्त एकदा, त्या घरातल्या माणसाने आपल्या हातचं खावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून या वेळी तिने एकादशीच गाठली. सकाळी भिंतीवरून बोलावणं केलं. "आज उपास हाय, बाई," मोहनराव सवयीने बोलून गेले.

"म्हणून तर आज बोलावते, काका. नुसत्या फळांचं करणार हाय. उपासाला चालतंय."

मुख्याध्यापकांना पहिल्यांदाच हो म्हणावं लागलं.

संध्याकाळी तिने सगळं अंगणात मांडलं, म्हणजे त्यांना आपल्या स्वयंपाकघराची अडचण नको. पेरू मोहनरावांच्याच झाडाचे. फांदी भिंतीवरून इकडे वाकली होती. केळी बाजारातली, अजून सालीत. तूप जानकीबाईंच्याच म्हशीचं. राजगिऱ्याच्या वड्यांचं पाकीट तिने पाहुण्यांसमोर फोडलं. फोडी नव्या ताटलीत पसरल्या, वर गूळ किसला, वड्या चुरून पेरल्या, तूप सोडलं. चोरीच्या मालाचा पंचनामा चालावा तसे मोहनराव एकेक जिन्नस बघत होते.

"पाणी लागतं का ह्याला?" त्यांनी आशेने विचारलं.

"थेंबभर न्हाई," पंचशीला म्हणाली आणि ताटली निखाऱ्यांवर ठेवून शेगडीचं झाकण लावलं.

वीस मिनिटांनी झाकण उघडलं. गूळ उकळून फोडींना चिकटला होता, वरचा राजगिरा खरपूस झाला होता. वास भिंत ओलांडून गेला. विलासने द्रोण भरून पुढे केला. मोहनरावांनी आवंढा गिळला. त्यांचा हात अर्ध्यापर्यंत आलाही. तेवढ्यात रस्त्यावरून त्यांच्या भावकीतले तात्याबा गेले, जाताजाता अंगणात डोकावले, आणि हात मागे गेला.

"अरे, सांगायचंच राहिलं," मोहनराव म्हणाले. "आमी दोघांनी यंदा निर्जळी धरलीय. फळ न्हाई, पाणीसुदिक न्हाई. हिचंच म्हणणं, मी काय बोलणार?"

तासाभरापूर्वीच त्यांना ओसरीवर बशीत चहा ओतून पिताना पंचशीलाने पाहिलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर खोटं पाडणं तिला जमलं नाही. तिने विलासच्या हातातला द्रोण घेतला आणि परत ठेवायला वळली.

"इकडं आण तो," जानकीबाई म्हणाल्या.

त्यांनी दुसरं स्टूल पुढे ओढलं, पदर सावरून बसल्या आणि द्रोण मांडीवर घेतला. पहिला घास त्यांनी सावकाश खाल्ला. दुसरा जरा भराभर. "गूळ बेताचा घातलास, चांगलं केलंस," त्या पंचशीलाला म्हणाल्या.

"अगं, निर्जळी हाय आपली," म्हणत मोहनराव घाईने पुढे वाकले, ते नेमके शेगडीच्या धुरात. त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, श्वास लागला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा हात त्या घरच्या फुलपात्राकडे गेला. जानकीबाईंनी फुलपात्र तळहाताने झाकलं.

"पिऊ द्या की, काकू," पंचशीला घाबरून म्हणाली.

"न्हाई पोरी. खोकून काय मरत न्हाईत ते," जानकीबाई म्हणाल्या. "नऊ वर्षं ह्यांनी तुझ्या दारात सांगितलेला एकेक खोटा उपास, देवाचं नाव वाया जाऊ नये म्हणून, घरी जाऊन मी खरा केला. आजचा तेवढा ह्यांचा ह्यांना धरू दे."