डावी चप्पल

मुलाची हरवलेली डावी चप्पल हातात घेऊन आई खडकाआडून बाहेर आली, तेव्हा घरगाडी पार वळणापाशी पोचली होती.

"अहो!" ती ओरडली. "अहो, थांबा!"

गाडीनं ऐटीत दिवा लुकलुकवला आणि टेकडीआड गेली.

काय घोटाळा झाला ते आईला उभ्या उभ्याच कळलं. पुढे बाबा गाडी चालवत होते. त्यांना वाटलं असणार, ती मागे पोरांबरोबर आहे. मागच्या पलंगांवर मुलगा आणि मुलगी मधला पडदा ओढून आडवी झालेली. त्यांना वाटलं असणार, ती पुढे बाबांशेजारी आहे. एरवी गाडी हलायच्या आधी "सगळे आले का रे?" हे विचारायचं खातं तिचंच. आज विचारायला तीच गाडीत नव्हती, म्हणून कुणी विचारलं नाही. तिचा फोन पिशवीत होता आणि पिशवी गाडीत.

सकाळी बोटीतून घरगाडी बेटावर उतरली, तेव्हापासून सगळ्यांच्या अंगात वारं भरलं होतं. बेट एवढंसं, पण किनारे तऱ्हेतऱ्हेचे. एकावर काळीभोर वाळू, तापून चटके देणारी. दुसऱ्यावर शिंपल्यांचा नुसता खच. आणि हा तिसरा तर चित्रातल्यासारखा, पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसत होते. गाडी थांबते न थांबते तोच पोरं उड्या टाकायची. त्यांच्यामागे पोट सावरत बाबा.

"आई, टॉवेल धर!"

"आई, माझा चष्मा!"

"अगं, घड्याळ ठेव जरा!"

आणि आईपुढे चपला, पिशव्या आणि कपडे यांचा ढीग. ती स्टेशनवरच्या सामानघरात नोकरीला होती. दिवसभर लोकांच्या बॅगा सांभाळायच्या, पावती द्यायची, पावती घ्यायची. "तुझा हात कोण धरणार यात!" असं बाबा कौतुकानं म्हणायचे आणि पाण्यात शिरायचे.

शिवाय आईला पाण्याची भीती वाटते, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

साफ खोटं होतं ते. पोरं लहान असताना अशाच एका किनाऱ्यावर सामानापाशी थांबणार कोण, यावरून कुरकुर सुरू झाली होती. पोरांचा हिरमोड नको म्हणून ती म्हणाली, "जा तुम्ही. मला बाई पाण्याची भीतीच वाटते." ती थाप घरात अशी काही रुजली, की पुन्हा कुणी तिला पाण्यात बोलावलंच नाही. लहानपणी हीच बाई गावची नदी पोहून पलीकडे जायची आणि दम खाऊन परतही यायची. पण इतक्या वर्षांनी ते सांगणार कुठल्या तोंडानं? आज सकाळपासून ती ढिगापाशी बसून लाटांकडे बघत होती आणि तिचे पाय सारखे शिवशिवत होते.

आता मात्र उंच खुर्चीवर बसलेल्या जीवरक्षकाकडे ती धावत गेली. तो सफरचंद खात होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पुढच्या किनाऱ्याला जाऊनच वळता येतं, ताई," तो म्हणाला. "वाटेत जागा नाही. येतील, काळजी करू नका. बसा निवांत."

आई बसली. सवयीनं वाळूत पाय दुमडले आणि पुढ्यात हात फिरवला. पुढ्यात काहीच नव्हतं. ना टॉवेल, ना पिशवी, ना घड्याळ. एक डावी चप्पल तेवढी होती, आणि तिला कोण नेणार?

आईला खुदकन हसू आलं. मग छातीत धडधडायला लागलं, पण हे धडधडणं वेगळं होतं, शाळा सुटायच्या आधीचं. तिनं आपल्या चपला काढल्या. वर मनगटावरचं घड्याळ ठेवलं, डोळ्यांवरचा चष्मा ठेवला. ओढणीची घडी घातली. आणि अंगावरच्या कपड्यांनिशी ती धावत सुटली.

पहिली लाट गुडघ्यांवर आली, दुसरी पोटावर. तिसरीच्या खाली तिनं सरळ डोकं घातलं. नाकातोंडात खारट पाणी गेलं, ती खोकली, हसली, आणि हात आपसूक चालायला लागले. विसरले नव्हते! काहीच विसरले नव्हते! ती लाटांच्या पलीकडे गेली, पाठीवर उलटली आणि आभाळाकडे बघत मोठ्यानं ओरडली. जीवरक्षकानं दचकून मान वर केली आणि मग तोही हसला.

घरगाडी भरधाव आली ती धुरळा उडवतच. बाबा दार सताड उघडं टाकून पळत सुटले. त्यांच्यामागे मुलगी रडवेली होऊन. सगळ्यात मागे मुलगा एका पायात चप्पल घालून, तापल्या वाळूवर लंगडत.

"आई! आई गं!"

किनाऱ्यावर आई नव्हती. तिच्या चपला होत्या, वर घड्याळ, वर चष्मा. बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं.  जीवरक्षकानं सफरचंदाच्या उरलेल्या गाभ्यानंच समुद्राकडे खूण केली.

लाटांच्या पलीकडून एक डोकं वर आलं. मग एक हात, मग दुसरा.

"अगं, तुला तर पाण्याची भीती वाटते ना!" बाबा कसेबसे ओरडले.

"आलात का? बरं झालं!" पाण्यातून आईचा आवाज खणखणीत आला. "तिथं सामान आहे माझं. हलू नका हं तिथून, मी अजून एक चक्कर मारून येते!"