आठवणींचा वारस

आईच्या मालमत्तेचा कारभार कोर्टाने शाल्मलीकडे सोपवला होता आणि वारसांना हिशेब देणं तिला बंधनकारक होतं. भावाने तो फोनवरच ऐकून घेतला. दुसरा वारस समोर बसला होता. अन्वर मुकादम, तिशीतला पोहण्याचा प्रशिक्षक. अपघातात त्याची स्मृती गेली, तेव्हा आईने दान केलेल्या आठवणी डॉक्टरांनी त्याच्या मेंदूत बसवल्या होत्या. आठवणी ज्याच्याकडे, हिशेब त्यालाही द्यायचा, असा नवा कायदा होता.

"आईच्या दवाखान्याचं बिल भागवायला घोलवडची चिकूची बाग विकावी लागली," शाल्मली चाचरत म्हणाली. बाग विकू नकोस, असं आई बजावून गेली होती.

अन्वरचे डोळे भरून आले. "मी तिथे कधी गेलोसुद्धा नाही. मग मला रडू का येतंय?"

शाल्मली गोंधळली. "तुम्ही रागावलात?" तिने विचारलं. मग तिच्याही नकळत तोंडून निघून गेलं, "रागावलीस?"

"नाही गं, शालू," तो पटकन म्हणाला आणि ओशाळला. "माफ करा, ताई. हे कोण बोललं, मलाच कळलं नाही."

शाल्मलीलाही कळलं नव्हतं. पण आई गेल्यापासून आवरून धरलेला हुंदका तिला तिथेच फुटला.