हवालदारचं कार्ड

शनिवारी दुपारी भास्करराव स्टुटगार्टला लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सॉसेजचं पाकीट वाचत होते. ते स्वतः शाकाहारी होते. पाकीट नातीचं, स्पृहाचं होतं.

"इथे याला वीनर म्हणतात, म्हणजे व्हिएन्नाचं. आणि व्हिएन्नात काय म्हणतात? फ्रांकफुर्टर, म्हणजे फ्रांकफुर्टचं. दोघं एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. अमेरिकेने दोन्ही नावं उचलली आणि वर हॉट डॉग हे तिसरं ठेवलं."

"बाबा, ते फ्रीजमध्ये ठेवा ना," सुलेखा म्हणाली. तिची नजर लॅपटॉपवर होती. सोमवारी प्रेझेंटेशन होतं.

पुण्यात छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांना हा नाद लागला होता. अमेरिकन बोलीतले शब्द, टोपणनावं, पदार्थांची नावं कुठून आली ते शोधायचं. प्रत्येकाचं एक कार्ड. कार्डावर आधी ऐकीव गोष्टी, मग छापील पुरावा. जी गोष्ट टिकली नाही तिच्यावर लाल रेघ. कुणा व्यंगचित्रकाराला कुत्र्याच्या जातीचं स्पेलिंग येईना म्हणून त्याने हॉट डॉग लिहून टाकलं, या गोष्टीवर लाल रेघ होती आणि शेजारी शेरा: ‘छान आहे. खोटी आहे.’ बॅगेत कार्डांच्या खोक्याला जागा हवी म्हणून त्यांनी बहिणीने दिलेली लोणच्याची बरणी पुण्यातच ठेवली होती.

"हवालदार," त्यांनी हाक मारली. सुलेखाला ते लहानपणापासून असंच म्हणत. "इंडियानाच्या लोकांना हूझियर का म्हणतात, कुणालाच ठाऊक नाही. दोनशे वर्षं होत आली. नाव ठेवणारा जिवंत होता तेव्हा कुणी विचारलं नसणार."

"हं."

"एकच कार्ड अर्धं राहिलंय. संध्याकाळी दाखवतो. त्यात तुझं काम आहे."

"उद्या, बाबा. प्लीज."

"गेनाऊ," ते म्हणाले. स्टुटगार्टमधल्या तीन आठवड्यांत ‘अगदी बरोबर’ अशा अर्थाचा हा एवढाच जर्मन शब्द त्यांनी उचलला होता आणि तो ते कुठेही वापरत. त्यांनी खोक्याला रबर लावलं आणि पाकीट फ्रीजमध्ये ठेवून दिलं.

रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाली, झोपेतच हृदय थांबलं.

बुधवारी अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या फ्राऊ मेर्ट्सनी फॉर्म भरता भरता विचारलं, "पुष्पचक्राच्या रिबिनीवर देणाऱ्याचं नाव छापायचं असतं. काय घालू? वडील जी हाक मारायचे ती घालतात बऱ्याच मुली."

"हवालदार," सुलेखा म्हणाली आणि स्पेलिंग सांगितलं.

"म्हणजे काय?"

"पोलिसांतलं एक पद."

"तुम्ही पोलिसांत होतात?"

"नाही. मी गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिते."

"मग वडील?"

"शिक्षक."

फ्राऊ मेर्ट्सचं पेन थांबलं. "मग असं का म्हणायचे?"

एक्केचाळीस वर्षं सुलेखा त्या हाकेला ओ देत आली होती; का, ते कधी विचारलं नव्हतं.

"नाव बदलायचं असेल तर उद्या सकाळपर्यंत कळवा," फ्राऊ मेर्ट्स हलकेच म्हणाल्या.

स्टेशनच्या बाकावर बसून तिने पुण्याला आत्याला फोन लावला.

"अगं, दारात पाय रोवून उभी राहायचीस तू! कुणाला आत सोडायची नाहीस. एवढीशी होतीस. म्हणून हवालदार," नंदिनीआत्या म्हणाली आणि रडायला लागली. मागून सुधीरकाकांचा आवाज आला. "काहीतरी सांगू नकोस गं तिला! जत्रेतून शिट्टी आणली होती मी. दोन दिवस वाजवून डोकं उठवलंन. तेव्हापासून."

"दार!"

"शिट्टी!"

दोघांनाही पक्कं आठवत होतं. सुलेखाने गाडी जाऊ दिली. पुढचीही.

घरी आल्यावर तिने खोक्याचं रबर काढलं. कार्डं इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली होती. सगळ्यांत मागे एकच मराठी कार्ड होतं.

‘हवालदार. ऐकीव: १. दारात उभी राहायची (नंदिनी). २. शिट्टी (सुधीर).’ दोन्हींवर लाल रेघ. खाली: ‘छापील पुरावा नाही. साक्षीदार एकच, मी. मूळ: ती विचारील तेव्हा मी सांगेन, तिने लिहावं.’

त्याखाली पट्टीने आखलेल्या तीन ओळी कोऱ्या होत्या.

तिने कार्ड उलटून पाहिलं. मग खोकं टेबलावर उपडं केलं आणि सगळी कार्डं एकेक करून पाहिली. ना दार, ना शिट्टी. मग काय? दोन्ही नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि तरी त्यांनी लिहिलं नाही. शनिवारी ‘कुणी विचारलं नसणार’ म्हणाले, ते फक्त हूझियरबद्दल होतं ना? की हूझियरबद्दल नव्हतंच?

"मामा, इश हाबे हुंगर," भूक लागल्याचं स्पृहाने दारातून आईला जर्मनमध्ये सांगितलं. मग टेबलाकडे बघून तिने मराठीत विचारलं, "आजोबांचं सांडलं?"

"नाही गं. लावतेय. दोन मिनिटं."

फ्रीज उघडला तर सॉसेजचं पाकीट दाराच्या कप्प्यात उभं होतं, दुधाशेजारी. तिथे ते कुणीच ठेवत नसे. तिने ते तसंच राहू दिलं, स्पृहासाठी दूध काढलं आणि दार लावलं.

त्यांच्या खुर्चीसमोर बसून तिने कोऱ्या ओळींचं कार्ड आपल्याकडे ओढलं, पेनाचं टोपण काढलं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मला हवालदार का म्हणता?"