दोऱ्याखालचा समुद्र

रंगाऱ्याची बायको सकाळी गेली आणि दुपारपर्यंत तिची कादंबरीही गेली.

दवाखान्यातून फोन आला तसा तो अंगावरच्या कपड्यांनिशी धावला. घरी त्याची धाकटी बहीण होती. लोक भेटायला येणार म्हणून तिनं डोळे पुसत पुसत घर आवरायला घेतलं. पुढच्या खोलीच्या लांब भिंतीवर टाचण्यांनी चित्रं लावलेली होती, मधून एक निळा दोरा ताणलेला होता. तिनं चित्रं उतरवली. मोठी खाली, लहान वर, अशी नीट चळत केली. दोरा गुंडाळला. टाचण्या डबीत भरल्या.

ती भिंत म्हणजेच वहिनीची कादंबरी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. समुद्रावरची कादंबरी, आणि वहिनीला तर साध्या बसमध्येही मळमळायचं. अर्धी लिहून झाली होती, उरलेली भिंतीवर होती. दोऱ्याच्या वर जमीन, दोऱ्याखाली समुद्र, आणि गोष्ट दारापासून खिडकीकडे जायची. आधी दिसलं पाहिजे, मग लिहिता येतं, असं तिचं म्हणणं होतं. रंगारी जेवताना विचारायचा, "काय गं, तुझा खलाशी येतो का शेवटी घरी?"

"भिंत बघ, कळेल."

"दिवसभर भिंतीच बघतो मी. घरी तरी सोड."

दवाखान्यात न्यायच्या दिवशी पायात चप्पल घालताना ती म्हणाली होती, "शेवट लावलाय खिडकीजवळ. आल्यावर बघू."

लोकांचं येणं थांबलं, तेव्हा त्यानं ती चळत पुढ्यात घेतली.

"मला काय माहीत, दादा?" बहीण म्हणाली. "मला वाटलं, वहिनीचा असाच काहीतरी छंद."

"तुझी काय चूक? माणसं बसायची होती."

तो भिंतीला गाल टेकून उभा राहिला. भिंत समोरून बघून कळत नाही. उजेडाच्या बाजूनं, तिच्या अंगाअंगानं नजर न्यावी लागते. उन्हानं रंग विटला होता, पण जिथं चित्र होतं तिथं चौकोन ताजा राहिला होता. एकेक चित्र चौकोनावर धरायचं, जुनी भोकं शोधायची, टाचणी खुपसायची. दोरा ताणला गेला. दाराजवळ कॅलेंडरमधलं बंदर बसलं.

पुढचं चित्र हातात घेऊन तो थांबला. खालून काढलेला फोटो होता. उंच इमारतीच्या बाजूला दोरांवर लटकलेला माणूस, पाठमोरा. बायको डबा घेऊन आली होती आणि मान वर करून उभीच राहिली होती, तो दिवस. तो वरून ओरडला होता, "घरी जा, चक्कर येईल!" इथं तो दोऱ्याखाली होता, जहाजाच्या डोलकाठीवर चढलेला खलाशी.

मग त्याचंच रंगाचे शिंतोडे उडालेलं कापड, वाऱ्यानं शिडासारखं फुगलेलं. मग मोरीतल्या भिंतीवरच्या ओलीचा फोटो. ती खरवडून काढतो म्हणून तो किती वेळा मागे लागला होता, आणि ती दर वेळी म्हणायची, राहू दे. ओलीच्या कडेनं तिनं पेन्सिलीनं किनारा काढला होता. ते बेट होतं.

शेवटी खिडकीजवळची एक जागा उरली आणि हातात दोन चित्रं उरली. दोन्ही सारख्याच मापाची. एकात वाळूवर पालथी पडलेली बोट. दुसऱ्यात तो स्वतः, संध्याकाळी, खांद्यावर शिडी घेऊन दारात उभा. दोन्हींच्या कोपऱ्यांना भोकं होती. भिंतीवरही चार भोकं होती, पण चौकोन नव्हता. चित्र लावून चार दिवस होण्याआधीच ते उतरलं होतं. तेवढ्यात भिंत विटत नाही.

"यातलं कुठलं भिंतीवर होतं?" त्यानं विचारलं.

बहीण दोन्हींकडे बघत राहिली. "एक भिंतीवर होतं. एक खाली फळीवर पडलेलं होतं."

"कुठलं? आठव जरा."

"मी बघितलंच नाही रे, दादा. मी आवरत होते."

बहिणीनं नाक ओढलं आणि शिडीचा फोटो पुढे केला.

"हाच लाव ना. येऊ दे त्या खलाशाला घरी. कोण विचारायला येणार आहे?"

त्यानं फोटो भिंतीवर धरला. भोकाला भोक जुळलं. मग त्यानं बोट धरली. तीही जुळली. त्यानं तोंडातली टाचणी हातात घेतली.

"मी कोण लावणारा?" तो म्हणाला आणि टाचणी डबीत टाकली.

नंतर त्यानं त्या खोलीच्या बाकीच्या तीन भिंती रंगवल्या. चौथी राहिली आहे. खिडकीजवळ चार भोकं आहेत. त्यांत त्यानं अजून पुट्टी भरलेली नाही.