निरोपाची जीप

शाळेच्या लीडरशिप प्रोजेक्टसाठी मी चक्क पुण्याची सदर्न कमांड घेतली! १८९५पासूनचा इतिहास, एकेका आर्मी कमांडरचा फोटो, आणि माहिती द्यायला घरातच माणूस. माझे आजोबा तिथूनच हवालदार म्हणून रिटायर झाले.

"कमांडर निवृत्त झाले की त्यांना सजवलेल्या जीपमध्ये बसवायचं," ते म्हणाले. "इंजिन बंद. आपण दोर धरून गेटपर्यंत ओढत न्यायचं. मान असतो तो. मी कितीतरी साहेबांची जीप ओढली."

"सो कूल! आणि तुम्ही रिटायर झालात तेव्हा?"

"तेव्हा रिक्षा केली. गेटपाशी लगेच मिळाली."

आज ते अमेरिकेतल्या आमच्या घरून, ॲशबर्नहून, पुण्याला परत निघाले. एअरपोर्टवर चार पावलांतच गुडघे बोलायला लागले, तरी व्हीलचेअर बघून ते हटूनच बसले.

"अप्पा, सिक्युरिटी केवढी लांब आहे! बसा ना," बाबा विनवण्या करून थकला.

"दमलोय मी. पण असं कुणी ढकलत नेलेलं मला नाही चालणार."

मी त्यांच्या बॅगेला बांधलेली नायलॉनची दोरी सोडली आणि खुर्चीच्या पुढच्या दांड्यांना बांधली. एक टोक बाबाच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं.

"ढकलत नाही आहोत, आजोबा. ओढतोय."

त्यांनी वाकून दोरीची गाठ ओढून बघितली. मग सावकाश बसले, मफलर नीट केला.

"हळू चला रे. कमांडरची जीप पळवत नाहीत."